मागच्या चाकांचा कैवार

वनवासात सगळ्यांत पुढे कोण चालत होतं, हे शेंबडं पोरही सांगेल. मधे कोण, हेही सांगेल. शेवटी चालणाऱ्याची आठवण मात्र शूर्पणखेचं नाक कापायची वेळ आली की मगच होते. त्या नाकावरून आमच्या गावाला नाशिक हे नाव पडलं असं सांगतात, आणि ते कापलं गेलं ते आमच्या पंचवटीत. म्हणजे मागून चालणाऱ्याचं महत्त्व जगात कुणाला कळायला हवं, तर ते आम्हा पंचवटीकरांना. पण छे! पुरावा हवा असेल तर पंचवटी कारंजावर दहा मिनिटं उभे राहा आणि येणाऱ्याजाणाऱ्या मोटारींची मागची चाकं बघा.

त्यातल्या काही मोटारी तुम्हाला बसलेल्या दिसतील. म्हणजे चालत असतात, पण बसून. पोट रस्त्याला लागायला आलेलं, आणि मागची चाकं वरून आत व खालून बाहेर फाकलेली. नुकतं जन्मलेलं वासरू पहिल्यांदा उभं राहताना पाय फाकवतं ना, अगदी तसं. फरक इतकाच की वासरू तासाभरात सरळ उभं राहतं. ही मोटार मात्र सरळ उभी होती, तिला मुद्दाम पैसे देऊन तसं करून घेतलेलं असतं. याला पोरांच्या भाषेत ‘गाडी लो करणं’ म्हणतात.

आता हौसेला मोल नसतं हे आम्हाला मान्य आहे. ज्या गावात साताप्याच्या नव्हे, चांगल्या सातपूरच्या कारखान्यात २००२ सालापासून स्कॉर्पिओसारखी उंच गाडी तयार झाली, त्याच गावात पोरांनी गाड्या बुटक्या करायच्या, यातली गंमतही आम्ही समजू शकतो. माझं भांडण बुटकेपणाशी नाही. माझं भांडण मागच्या चाकांच्या वतीने आहे. त्यांना तोंड नाही, म्हणून वकीलपत्र मी घेतलं आहे.

आधी प्रकरण समजून घ्या. चाक गाडीखाली कसं उभं आहे याचे दोन हिशेब असतात. एक कॅम्बर. पुढून पाहिलं तर चाक ताठ आहे की वरून आत कललंय, ते त्यावरून कळतं. दुसरा टो. वरून पाहिलं तर चाकाचं नाक सरळ आहे की आतबाहेर वळलंय, ते यावरून कळतं. माणसाच्या भाषेत सांगायचं तर कॅम्बर म्हणजे गुडघे आणि टो म्हणजे चवडे. स्प्रिंग आखूड केली की गाडी खाली येते. मग चाकाला धरून ठेवणारे दांडे तिरपे होतात आणि ज्या गाड्यांना मागे स्वतंत्र दांडे आहेत, त्यांचे गुडघे आणि चवडे दोन्ही बिघडतात. २००६ साली आपल्याकडे आलेली होंडा सिव्हिक ही त्यातलीच.

कललेलं चाक सगळ्यांना दिसतं, म्हणून सगळे कॅम्बरवर बोलतात. खरा चोर टो. चाक एक अंश वाकडं असलं तर बिघडलं कुठं, असं तुम्ही म्हणाल. आम्ही कॉमर्सवाले, त्यामुळे अंश म्हटलं की आम्हाला लगेच व्याज दिसतं. एक अंश वाकडं चाक दर किलोमीटरला साधारण साडेसतरा मीटर आडवं फरफटतं. नाशिकहून मुंबई धरा एकशेसत्तर किलोमीटर. म्हणजे कसारा उतरून मुंबई गाठेपर्यंत तुमचा टायर जवळजवळ तीन किलोमीटर चालत नाही, घासला जातो. परत येताना आणखी तीन. या दराने एखाद्या सावकाराने व्याज लावलं तर आपण त्याला पंचवटी पोलीस ठाण्यात नेऊन बसवू. टायर बिचारा मुकाट्याने भरतो.

आणि भरतो तोही आतल्या बाजूने! चाक वरून आत कललेलं, त्यामुळे झिजते ती आतली कड. बाहेरून बघाल तर नक्षी शाबूत, रबर काळंकुळकुळीत. आत हात घाला, तारा लागतील. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात तो हाच.

आता यात लक्ष्मणाचा संबंध काय? आहे, आणि मुख्य संबंध तोच आहे. पुढची चाकं तुम्ही स्टिअरिंगने वळवू शकता, मागची नाही. त्यामुळे गाडी सुटली तर कोणत्या रेषेत जाणार, ते मागची चाकं ठरवतात. थोडक्यात, रेषा लक्ष्मणच आखतो, राम नव्हे. मागची दोन्ही चाकं जराशी डावीकडे पाहत असतील तर गाडी खेकड्यासारखी तिरपी चालते आणि ती सरळ ठेवायला तुम्हाला स्टिअरिंग वाकडं धरावं लागतं. तुम्ही तक्रार घेऊन जाता. दुकानदार काय करतो? पुढच्या चाकांचे टायरॉड फिरवतो आणि स्टिअरिंग सरळ करून देतो. गाडी खेकडा ती खेकडाच, फक्त आता खेकड्याचं तोंड सरळ दिसतं. तुम्ही खूश होऊन पैसे देता.

आमच्या इमारतीतल्या एका चिरंजीवांनी गाडी लो केली आणि ‘काका, तुम्ही फार प्रश्न विचारता, तुम्हीच चला’ म्हणून मला अलाइनमेंटला नेलं. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण त्याच्यासारखी दुकानं गावोगाव आहेत. बाहेर पाटी, ‘कॉम्प्युटराइज्ड फोर व्हील अलाइनमेंट’. आत टीव्ही होता. पोऱ्याने चारही चाकांना यंत्राचे पंजे लावले. पडद्यावर चार चाकं उमटली आणि चारही लाल. त्याने पुढे अर्धा तास पाना फिरवला, पुढची दोन हिरवी झाली. मागची दोन लालच राहिली. त्याने प्रिंट काढली.

मी म्हटलं, “अरे, मागची?”

“मागचं फिक्स असतं, काका.”

“मग चार चाकांचे पैसे कसे?”

“चारही चाकांना मशीन लावलं ना!”

या उत्तराला तोड नाही. पेशंटला थर्मामीटर लावायचा, ताप एकशेतीन आहे असं छापून द्यायचं, आणि फी ताप उतरवल्याची घ्यायची.

त्या पोऱ्यावर अन्याय नको, तो अर्धं खरं बोलत होता. आपल्याकडच्या बहुतेक लहान मोटारींना, स्विफ्ट घ्या नाहीतर आय-ट्वेंटी घ्या, मागे दोन चाकांच्या मधे एकच तुळई असते. तिला टॉर्शन बीम म्हणतात. तिथे फिरवायला बोल्टच नसतो. चाकाचे कोन कारखान्यातच ठरून आलेले असतात. आणि हीच तर मेख आहे. या तुळईवर गाडी थोडी खाली केली तरी कोन फारसे बदलत नाहीत. म्हणजे पडद्यावर मागे लाल दिसलं, तर ‘लो केली म्हणून असेल’ असं म्हणून सोडायचं नसतं. तुळई कुठल्या खड्ड्यात वाकली, की बुश फाटले, हे गाडीखाली जाऊन बघायचं असतं. वाकली असेल तर बदलायची, थोडक्यात भागणार असेल तर चाकाच्या बैठकीमागे नेमक्या जाडीची तिरपी चकती घालायची. त्या चकतीला शिम म्हणतात. ‘फिक्स असतं’ म्हणजे ‘दुरुस्त होत नाही’ नव्हे, ‘मला करायचं नाही’.

आणि स्वतंत्र दांडेवाल्या गाड्यांना तर मागे टो जुळवायला सोयच दिलेली असते. एक बोल्ट, त्याला केंद्र सोडून भोक पाडलेली चकती, ती फिरवली की चाक वळतं. पण तो बोल्ट वर्षानुवर्षं कुणी हलवलेला नसतो, गंजून दांड्याशी लग्न लावून बसलेला असतो. त्याला सोडवायला तेल लागतं, वेळ लागतो आणि माणसाला गाडीखाली आडवं व्हावं लागतं. टीव्हीसमोर उभं राहून ते होत नाही. कॅम्बर सुधारायला बहुधा कमीजास्त करता येणारे वेगळे दांडे विकत घ्यावे लागतात. पोरं स्प्रिंगला पैसे घालतात, चाकांच्या चकचकीत रिमला घालतात; दांड्यांची वेळ आली की खिसा रिकामा. कारण दांडा फोटोत येत नाही.

काही बहाद्दर तर स्प्रिंगलाही पैसे घालत नाहीत. आहे तीच ग्राइंडरने कापतात. स्प्रिंग कापली की ती नुसती आखूड होत नाही, कडकही होते. खड्ड्यात चाक लोंबलं तर बैठकीतून सुटायची भीती, ती वेगळीच. सुरणासारखी कापलेली ती स्प्रिंग ज्या गाडीत बसवतात, ती गाडी पुष्कळदा बँकेकडे तारण असते. हप्ते फिटेपर्यंत कागदोपत्री आमचाही त्या स्प्रिंगवर हक्क आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

यावर चिरंजीव मंडळींचे युक्तिवाद ठरलेले असतात. पहिला, गाडी खाली गेली की वळणावर चिकटून चालते. खरं आहे. पण चिकटतो तो टायर, आणि तो अख्खा रस्त्याला टेकला तर. तुम्ही त्याला कडेवर उभं केलंय. दुसरा, शर्यतीच्या गाड्यांची चाकंही कललेलीच असतात. असतात ना! पण त्यांचा एकेक कोन मोजून ठेवलेला असतो, टायर त्या एका शर्यतीत संपले तरी कुणी हळहळत नाही, आणि शर्यतीच्या रस्त्यावर मालेगाव स्टँडचा उतार नसतो. तिसरा युक्तिवाद, परदेशात सगळे करतात. परदेशात, भाऊ, जर्मनीत गाडीत असे बदल केले तर तपासणी होऊन कागद मिळवावा लागतो. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीने अशा बेकायदा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे.

राहता राहिला गतिरोधक. सरकारी मापाचा गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, म्हणजे म्हशीच्या पाठीसारखा ऐसपैस. आमच्या गल्लीतला गतिरोधक सोसायटीच्या चेअरमनांनी उरलेल्या सिमेंटमध्ये केलेला असतो, त्याला रुंदी नसते, फक्त राग असतो. २००५ साली आलेल्या स्विफ्टचं पोट जमिनीपासून सतरा सेंटिमीटरवर होतं. त्यातले पाच तुम्ही कमी केलेत, आणखी दोनतीन आत बसलेले चार मित्र करतात. मग गाडीचं नाक घासतं. नाशिकात नाक जाण्याची परंपरा जुनी आहे, तेव्हा नाकाबद्दल मी बोलत नाही. पण दर धक्क्याला मागच्या तुळईवर, बुशवर काय बसतं, ते बोललंच पाहिजे.

कारण हा नुसता टायरच्या खर्चाचा मामला नाही. टायर तुमचा, पैसे तुमचे, झिजवा खुशाल. पण मागची चाकं बाहेरच्या बाजूला वळलेली असली की गाडीचं शेपूट अस्थिर होतं. कोरड्या रस्त्यावर हळू जाताना जाणवणारही नाही. पावसात, आडगावकडच्या हायवेवर, समोरचा ट्रक अचानक थांबला की जाणवेल, आणि तेव्हा तुमच्या हातातलं स्टिअरिंग पुढच्या चाकांचं असेल, मागच्यांचं नव्हे. चैत्रात दिंडोरी रोडने सप्तशृंगीच्या गडाकडे माणसं पायी जातात. बाया असतात, डोक्यावर गाठोडी असतात, अनवाणी म्हातारे असतात, रात्रीसुद्धा रस्त्याच्या कडेने चालत असतात. तुमच्या गाडीचं शेपूट सुटलं तर ते जाणार कुठे? रस्त्याच्या कडेलाच. त्या माणसांनी तुमच्या हौसेला वर्गणी दिलेली नाही.

म्हणून माझ्या मागण्या लिहून घ्या. गाडी लो करायचीच असेल तर आधी दांड्यांचे आणि अलाइनमेंटचे पैसे बाजूला ठेवा, मग स्प्रिंगचे काढा, मग उरलेच तर रिमचे. नवी स्प्रिंग बसली की चार दिवस गाडी चालवून ती मुरू द्या. बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना आवळू नका, चाकांवर वजन आल्यावर आवळा. चारही टायरांत हवा बरोबर भरा आणि मग यंत्रावर चढवा. आधी मागचा कॅम्बर, मग मागचा टो, आणि त्या रेषेला धरून शेवटी पुढची चाकं. हा क्रम उलटा करणाऱ्याला पैसे देऊ नका. प्रिंट आधीची आणि नंतरची अशा दोन मागा, आणि मागच्या चाकांचे आकडे दोन्हींवर तेच असतील तर तेवढे पैसे बिलातून वळते करा.

दुकानदारांना एकच मागणी. पाटीवर ‘चार चाकं मोजू, दोन जुळवू’ असं खरं लिहा. आणि गल्ल्यावर लक्ष्मी-गणपतीच्या शेजारी गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीचा फोटो लावा. पूर कुठवर चढला हे अख्खं गाव त्याच्याकडे बघून ठरवतं, ते त्याच्या उंचीमुळे. मी फोटो सुचवतोय तो त्याच्या दुसऱ्या तोंडामुळे. त्याला पुढचंही दिसतं आणि मागचंही. तुम्हाला पुढचंच दिसत असेल, तर निदान मागच्याचे पैसे घेऊ नका.