बिनतारी यंत्रांची विद्या हातानेंच शिकली पाहिजे

शेतकऱ्याच्या खिशांतील मोबाईल आतां केवळ बोलण्यापुरता राहिलेला नाहीं. ज्या आठवड्यांत वीज रात्रीं येते, त्या आठवड्यांत सर्पविंचवाचें भय सोसून अंधारांत विहिरीवर जाण्याऐवजीं अंथरुणावरूनच मोटार सुरू करणारे बागाइतदार आज गांवोगांव आढळतात. जमिनींतील ओलावा कळविणारीं, ठिबकाच्या झडपा उघडणारीं व मिटणारीं, हवेंतील दमटपणा मोजणारीं यंत्रेंहि बाजारांत येऊन चुकलीं आहेत. ह्या सुधारणेचें आम्ही मनापासून स्वागत करितों. परंतु प्रत्येक वाचकानें एक प्रश्न स्वतःस विचारून पाहावा. नांगराचा फाळ बोथटला तर गांवचा लोहार आहे. एंजिन बिघडलें तर जवळच्या बाजारपेठेंत फिटर आहे. मग विहिरीवरील ह्या वीतभर पेटीपुढें आपण सारे हात जोडून उभे कां राहतों? आमच्या मतें ह्याचें कारण एकच आहे. ही विद्या आपल्या घरांत अजून आलेली नाहीं. आल्या आहेत त्या केवळ तिच्या विकत घेतलेल्या वस्तु.

दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वीं स्वतःची फजिती सांगणें बरें. तीन वर्षांपूर्वीं प्रस्तुत लेखकानें मोबाईलवरून मोटार चालविणारी एक पेटी विकत घेतली. कांद्याचें रोप तीन गुंठे टाकलें होतें. आप्ताच्या आजारपणामुळें पांच दिवस परगांवीं राहावें लागलें. तथापि चिंता नव्हती, कारण रोज ठरल्या वेळीं बटण दाबतांच मोबाईलवर हिरवा दिवा लागे आणि खालीं ‘मोटार चालू’ अशीं अक्षरें उमटत. घरीं परतून पाहतों तों रोप करपून गेलेलें! पहिल्याच रात्रीं एक फेज गेली होती आणि स्टार्टरनें मोटार उचललीच नव्हती. विक्रेत्याकडे तक्रार केली, तेव्हां उत्तर मिळालें कीं, पेटी निर्दोष आहे. तिनें आज्ञा बरोबर पोंचविली. हें उत्तर ऐकून संताप आला, पण पुढें विचार केल्यावर त्यांतील सत्य ध्यानांत आलें. पेटीनें आज्ञा दिली होती. ती पाळली गेली कीं नाहीं, हें पाहण्याची सोयच तींत नव्हती. हिरवा दिवा ‘मोटार चालली’ असें सांगत नव्हता, ‘मीं सांगितलें’ एवढेंच सांगत होता. हा भेद मला ठाऊक असता, तर मीं ती पेटी घेतांना चार प्रश्न विचारले असते आणि तीन गुंठे रोप वांचलें असतें.

पुढें शेजारच्या एका शेतकऱ्याच्या मुलानें हा दोष दूर केला. तो कोठें तरी महिनाभर हें काम हातानें करून शिकला होता. वायरमनकडून वीज तोडवून त्यानें मोटारीच्या तारेभोंवतीं विजेचा प्रवाह ओळखणारें एक वेटोळें बसविलें आणि दहाबारा ओळींची आज्ञावली लिहिली: आज्ञेनंतर दहा सेकंदांत तारेंतून प्रवाह वाहूं लागला तरच ‘चालू’ म्हणावें, नाहीं तर मालकास धोक्याची सूचना द्यावी. ह्या सर्व खटाटोपास कांहीं शें रुपये लागले. त्या दिवसापासून ह्या विषयाकडे पाहण्याची माझी दृष्टि पालटली.

हीं यंत्रें दिसतात तितकीं गूढ नाहींत. त्यांचे भाग चार: जाणणारा, विचार करणारा, बोलणारा आणि करणारा. जाणणारा म्हणजे सेन्सर. तो ओलावा, उष्णता किंवा प्रवाह ओळखतो. करणारा म्हणजे रिले. तो लहानशा विजेनें मोठा खटका ओढतो. मधले दोन भाग, म्हणजे विचार करणारा आणि बोलणारा, हे हल्लीं एकाच चिपमध्यें मिळतात. शांघाय येथील एस्प्रेसिफ कंपनीनें २०१६ सालीं ‘ईएसपी-३२’ नांवाची चिप बाजारांत आणली. वायफाय व ब्लूटूथ अशा दोन्ही बिनतारी सोयी तींतच आहेत, आणि ती बसविलेली पाटी चारपांचशें रुपयांच्या आंतबाहेर मिळते. तिच्याकडून काय करवून घ्यावयाचें, तें आज्ञावलींत लिहावें लागतें. ह्या पाटीवर चालणाऱ्या पायथॉन भाषेंत राखीव शब्द अवघे ३५ आहेत. मोबाईलवरील अ‍ॅप तयार करण्यासाठीं तर ‘अ‍ॅप इन्व्हेंटर’ नांवाचें एक फुकट साधन आहे. तें गूगलनें २०१० सालीं काढलें व पुढें मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीनें आपल्याकडे घेतलें. त्यांत आज्ञा लिहाव्या लागत नाहींत. लहान मुलें ठोकळे जुळवितात त्याप्रमाणें त्या एकमेकींस जोडावयाच्या असतात. अ‍ॅपवरील अक्षरें मराठींत ठेवण्यासहि कसलीच अडचण नाहीं.

मग पुस्तक वाचून किंवा व्याख्यान ऐकून ही विद्या कां येऊं नये? ह्याचें उत्तर आपलें शेतच देतें. पुस्तक सांगतें कीं, ओलाव्याचा सेन्सर जमिनींत पुरावा आणि आंकडा वाचावा. आपली काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते. सेन्सरच्या अंगाला भेग पडली कीं माती सुटते, तेथें हवा शिरते, आणि खालीं वाफसा असतांहि यंत्र ‘कोरडें’ म्हणून ओरडूं लागतें. मुरमाड जमिनींत बसविलेला आंकडा काळींत चालत नाहीं. म्हणून प्रत्येकानें आपल्याच शेताची माती तोलून, १०५ अंश उष्णतेवर चोवीस तास वाळवून, पुन्हां तोलावी आणि किती पाण्याला यंत्र कोणता आंकडा दाखवितें, तें कोष्टक स्वतः तयार करावें. ज्या स्वस्त सेन्सरचे दोन उघडे कांटे मातींतून वीज वाहूं देतात, ते थोड्याच दिवसांत गंजून खोटें बोलूं लागतात. धातु मातीस न लावतां ओलावा ओळखणारा दुसरा प्रकार त्याहून टिकाऊ.

बिनतारी लहरींचेंहि तसेंच आहे. वायफायची पोंच उघड्या माळावर सुमारें शंभर पावलें. मध्यें भिंत वा झाड आलें कीं तीहि आटते. मार्च महिन्यांत लावणीच्या वेळीं उत्तम चालणारें यंत्र, ऊंस डोक्यावर गेला कीं मुकें होतें. कारण पानापानांतील पाणी त्या लहरी शोषून घेतें. तेव्हां एरिएल पिकाच्या वर उंच चढवावा लागतो, नाहीं तर ‘लोरा’ नांवाची दूरपल्ल्याची पद्धति वापरावी लागते. तिचा वेग थोडा, पण मोकळ्या रानांत कांहीं किलोमीटरपर्यंत ती निरोप नेते. भारतांत ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ ह्या लहरींवर ठरविलेल्या मर्यादेंत कमी शक्तीचीं यंत्रें परवान्यावांचून चालवितां येतात. पुन्हां बॅटरीचा हिशेब निराळाच. यंत्र अखंड जागें ठेवलें तर ती दोनतीन दिवसांत संपते. तासांतून क्षणभर जागें करून पुन्हां निजविलें तर महिनोन्‌महिने पुरते. ह्यांपैकीं एकहि गोष्ट बाकावर बसून पुरती कळत नाहीं. तीन वेळां चुकल्यावर चौथ्या वेळीं ती हातांत येते. विहिरीच्या कांठावर बसून कोणी पोहावयास शिकला आहे काय?

हें आमचें नुसतें मनोराज्य नव्हे. पुणें जिल्ह्यांतील शिरूर तालुक्यांत पाबळ हें कमी पावसाचें गांव आहे. तेथें डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम स्थापन केला. शाळेंत मागें पडलेल्या खेड्यांतील मुलांसहि काम करतां करतां तंत्रविद्या शिकवितां येते, हें त्या संस्थेनें दाखवून दिलें. तेथील मुलें वेल्डिंग करतात, वीज जोडतात, शेती व पशुपालन करतात आणि त्यांतूनच शास्त्र शिकतात. जगप्रसिद्ध मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेनें ‘फॅब लॅब’ ही लोकांच्या हातीं यंत्रविद्या देणारी प्रयोगशाळेची कल्पना काढली, तेव्हां अमेरिकेबाहेरच्या अगदीं पहिल्या प्रयोगशाळांपैकीं एक २००२ सालीं ह्याच पाबळास निघाली. परदेशच्या विद्वानांस जें पाबळांत दिसलें, तें आपणांस आपल्याच तालुक्यांत कां दिसूं नये?

ह्यावर कांहीं आक्षेप घेतले जातील. त्यांचा विचार करणें अवश्य आहे. पहिला आक्षेप असा कीं, शेतकऱ्यानें शेती करावी, यंत्रें करणारे निराळे आहेत. आमचें म्हणणें प्रत्येकानें कारखाना काढावा असें नाहींच. ज्याला आंतील रचना कळते तोच बाहेरची वस्तु पारखून घेतो. विकत घ्यावयाच्या पेटीची माहिती कोणाच्या ताब्यांत राहते, कंपनी बुडाली तर पेटी चालेल कीं नाहीं, वर्षाकांठीं किती वर्गणी भरावी लागेल, हे प्रश्न विचारण्याइतकी जाण तरी घरांत एकास हवी. बैल पारखतांना आपण त्याचे दांत पाहतों. पेटी घेतांना मात्र विकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतों!

दुसरा आक्षेप धोक्याचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. विहिरीवरची वीज थट्टेचा विषय नव्हे. तिनें अनेक घरें उघडीं पाडलीं आहेत. म्हणून शिक्षणांत एक नियम अभंग असावा: विद्यार्थ्यानें हात लावावयाचा तो बॅटरीच्या पांच व्होल्टपर्यंतच; मोटारीच्या तीन फेजशीं जोडणी परवानाधारक वायरमननेंच करावी, आणि अर्थिंग तपासल्यावांचून कोणतीहि पेटी बसवूं नये. हा नियम शिकविणें हेंहि शिक्षणच आहे. आज अर्धवट ज्ञानानें तारा जोडणारे लोक कमी नाहींत; पद्धतशीर वर्गानें धोका वाढण्यापेक्षां घटण्याचाच संभव अधिक.

तिसरा आक्षेप असा कीं, मुलगा हें शिकला कीं शहरांत निघून जाईल. कांहीं जातील, हें आम्हीं मान्य करतों. परंतु आज जीं मुलें जातात, तीं गांवांत बुद्धीला काम नाहीं म्हणूनच जातात ना? ज्याच्या हातच्या यंत्रावर वीस शेतकऱ्यांच्या पाण्याच्या पाळ्या अवलंबून आहेत, त्याला गांवांत मान आहे आणि चार पैसेहि आहेत. आणि मुलगेच कां? घरांतील मुली व सुना ह्यांस मोबाईल आपल्याहून चांगला कळतो, हें कोण नाकारील? त्यांसहि ह्या वर्गांत जागा हवी.

जुनी गोष्ट आठवावी. १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली, त्या सुमारास लोखंडी नांगरानें जमीन विषारी होते, अशी समजूत शेतकऱ्यांत होती. ती समजूत व्याख्यानांनीं गेली नाहीं. शेजाऱ्याच्या रानांत नांगर चाललेला पाहून आणि मग रुमण्याला स्वतःचा हात लावूनच गेली.

तेव्हां आमची सूचना अशी आहे. आपल्या सोसायटीनें येत्या उन्हाळ्यांत, कामें थोडीं सैल असतांना, बारा आठवड्यांचा एक वर्ग काढावा. विद्यार्थी दहांपेक्षां अधिक नसावेत, म्हणजे प्रत्येकाच्या पुढें स्वतःची पाटी, स्वतःचा सेन्सर आणि स्वतःची चूक असेल. पहिल्या दिवशीं एक दिवा लुकलुकविण्यापासून आरंभ करावा. पुढें ओलाव्याचें कोष्टक, मग बिनतारी निरोप, मग मराठी अक्षरांचें अ‍ॅप, आणि शेवटीं रिले. शिक्षकानें सांगावें, दाखवावें, पण विद्यार्थ्याच्या यंत्रास स्वतःचा हात लावूं नये. परीक्षा कागदावर नको. प्रत्येकाचें यंत्र त्याच्याच शेतांत एक महिना ऊन, धूळ व वळीव सोसून खरा आंकडा देत राहिलें, तर तो उत्तीर्ण. दहा जणांच्या साहित्याचा खर्च एका बऱ्या जुन्या मोटारसायकलीच्या किंमतीहून अधिक होणार नाहीं, आणि तें साहित्य पुढच्या वर्गासहि उपयोगीं पडेल.

सभासदबंधूंनो, वार्षिक सभेंत आपण खतांचे भाव आणि कर्जाचे हप्ते ह्यांवर तासन्‌तास बोलतों. तें योग्यच आहे. त्यांतील अर्धा तास ह्या ठरावासाठीं राखून ठेवावा, एवढीच विनंति. पुढच्या पिढीची मोटार कोठून तरी बिनतारी आज्ञेवर चालणार, ह्यांत आतां शंका उरलेली नाहीं. ती आज्ञा आपल्या मुलांनीं लिहिलेली असावी कीं दूरच्या कोणी लिहून आपणांस विकलेली असावी, एवढाच निवाडा आपल्या हातीं आहे; आणि तो फार दिवस आपल्या हातीं राहील असें आम्हांस वाटत नाहीं.