पडद्यावरची सावली आणि दुकानदाराचे ‘नॉर्मल’

आपल्या गाद्यांवरून लाल वह्या उठल्या आणि त्यांच्या जागी लॅपटॉप आले, याला आता बराच काळ लोटला. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत जेकार्डचे ग्राफ जे हात कागदावर काढत, ते आता संगणकावर काढतात. कापडाच्या शेड परगावच्या पार्टीला फोनवर जातात. जीएसटीची विवरणपत्रे तर संगणकाशिवाय भरताच येत नाहीत. म्हणजे लॅपटॉप हे आता धंद्याचे हत्यार झाले आहे. पण ते खरेदी करताना आपली व्यापारी नजर कुठे जाते, कोण जाणे. तीस रुपये मीटरच्या अस्तराचा ताका आपण दाराशी उजेडात नेऊन उलगडून पाहतो आणि लाख-सव्वा लाखाचा लॅपटॉप खोके न उघडता घरी नेतो.

आज एकाच ऐबाविषयी लिहायचे आहे. नव्या, महागड्या लॅपटॉपवर एखादे चित्र किंवा खिडकी बराच वेळ उघडी राहिली आणि नंतर ती बंद केली, तरी तिची फिकट सावली पडद्यावर दिसत राहते. टॅलीच्या पडद्यावर उजव्या अंगाला जी बटणांची पट्टी असते, ती दिवसभर जागची हलत नाही. संध्याकाळी पांढरे पान उघडले की त्या पट्टीच्या कडा पानातून डोकावतात. इंग्रजीत याला ‘इमेज रिटेन्शन’ म्हणतात, म्हणजे चित्र धरून ठेवणे.

ही सावली दोन जातींची असते. दुकानदार सहसा तो फरक सांगत नाही, म्हणून आधी तोच पाहू.

साध्या एलसीडी पडद्यात काचेच्या दोन थरांमध्ये द्रव स्फटिक असतात. विजेचा दाब बदलला की ते वळतात आणि उजेड कमीजास्त सोडतात. दाबाची दिशा सतत उलटसुलट केली जाते, म्हणजे विद्युतभार एका बाजूला साचत नाही. मात्र चित्र तासन्तास एकच राहिले, किंवा पडद्याच्या घडणीतच कसर असली, तर थोडा भार साचून राहतो. मग चित्र बदलले तरी ते स्फटिक पुरते आपल्या जागी येत नाहीत. ही सावली बहुधा काही मिनिटांत किंवा तासांत विरते. ओएलईडी पडद्याचे तसे नाही. तिथे प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि उजळता उजळता झिजतो, त्यातही निळा सर्वांत लवकर. जो भाग रोज एकाच जागी उजळत राहतो तो शेजाऱ्यांपेक्षा जास्त झिजतो आणि त्याचा डाग कायमचा राहतो. याला ‘बर्न-इन’ म्हणतात.

कापडवाल्याला हे समजावे लागत नाही. गाठीत दाबून आलेल्या थानावर घडीची रेघ पडते, ती इस्त्रीखाली जाते. दुकानाच्या दर्शनी फळीवर महिनोन्महिने उन्हात राहिलेल्या थानाची बाहेरची घडी विटते, तिला कोणतीच इस्त्री चालत नाही. एलसीडीची सावली पहिल्या जातीची, ओएलईडीची दुसऱ्या. तेव्हा विकत घेताना पहिला प्रश्न हाच, की पडदा कोणत्या जातीचा आहे. विक्रेते ओएलईडीचे रंग दाखवून गिऱ्हाईक खूश करतात, आणि रंग खरोखर देखणे असतात यात वाद नाही. परंतु ज्याचे काम दिवसाचे दहा तास एकाच हिशेबाच्या पडद्यावर चालते, त्याने तो देखणेपणा विकत घेऊन काय मिळवायचे?

आमच्या पेढीवर गेल्या वर्षी साडीच्या डिझाइनसाठी सव्वा लाखाच्या घरातला एक लॅपटॉप घेतला. पडदा एलसीडीचा. नवव्या दिवशी डिझाइन करणाऱ्या मुलाने दाखवले की सकाळच्या बुट्टीची सावली दुपारच्या पदरावर पडते आहे. फिकट मोतिया रंगाचा पदर, त्यावर आम्ही न काढलेली बुट्टी! विक्रेत्याने सेवा केंद्राकडे बोट दाखवले. सेवा केंद्रातल्या तरुणाने पडदा पाहिला, अर्धा तास बंद ठेवला, सावली गेली आणि तो म्हणाला, “चाचा, नॉर्मल आहे.” पुढे लेखी तक्रार, फोटो आणि तीन फेऱ्या झाल्यावर पाच आठवड्यांनी पडदा बदलून मिळाला. नव्या पडद्यावर सावली पडत नाही. आता ती नॉर्मलच होती, तर दुसऱ्या पडद्यावर का नाही? हा प्रश्न आम्ही त्या केंद्रातही विचारला. उत्तर मिळाले नाही.

आमचे भांडण या ‘नॉर्मल’ शब्दाशी आहे. एलसीडीत थोडी सावली राहू शकते, हे आम्ही नाकारत नाही. खुद्द अॅपलसारख्या कंपनीने आपल्या पडद्यांबाबत तसे लिहून ठेवले आहे आणि काम नसताना पडदा झोपू द्यावा, असा सल्ला दिला आहे. पण जी गोष्ट नॉर्मल आहे ती विक्रीच्या आधी सांगण्यात अडचण काय? आपण गिऱ्हाइकाला सांगतो की हा रंग पहिल्या धुण्यात थोडा सुटेल, ही खादी आटेल, या हातमागात गाठ दिसेल. सांगून विकलेल्या मालावर तक्रार येत नाही. न सांगता विकायचे आणि गिऱ्हाईक परत आले की नॉर्मल म्हणायचे, हा व्यापाराचा कायदा आम्ही कोणत्याही बाजारात पाहिलेला नाही.

शिवाय नॉर्मल कोणासाठी? चिठ्ठ्या टाइप करणाऱ्याला पाच मिनिटांची सावली चालेल. रंगाची शेड पाहणाऱ्याला, जरीकामाचा खाका काढणाऱ्याला, लग्नाच्या पत्रिका छापणाऱ्याला ती पाच मिनिटेही चालत नाहीत, कारण त्याचे काम डोळ्यांवर चालते. असा कारागीर पुष्कळदा लॅपटॉप हप्त्यावर घेतो. लॅपटॉप सेवा केंद्रात पडून राहतो आणि हप्ता मात्र तारखेला कापला जातो.

या विषयातले गाजलेले प्रकरण अमेरिकेतले आहे. जून २०१२ मध्ये अॅपलने ‘रेटिना’ पडद्याचा १५ इंची मॅकबुक प्रो बाजारात आणला. किंमत २,१९९ डॉलरपासून पुढे. काही महिन्यांतच सावलीच्या तक्रारी सुरू झाल्या. वापरणाऱ्यांनी शोधून काढले की पडदे दोन कारखान्यांचे आहेत, काही एलजीचे, काही सॅमसंगचे, आणि तक्रारी प्रामुख्याने एलजीच्या पडद्यांविषयी आहेत. नाव एक, किंमत एक, आत माल दोन घरांचा. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात यावर दावा लागला. म्हणणे असे की गिऱ्हाइकाला हा फरक सांगितलाच नाही. त्या वर्षाच्या अखेरीस न्यायालयाने तो दावा त्या स्वरूपात टिकू दिला नाही. एकाच नंबरावर दोन मिलचे ग्रे कापड विकणारे आपल्याकडेही आहेत, त्यामुळे आपण फार आश्चर्य करू नये. पण त्यातून समजून घ्यायचे ते हे की खोक्यावरचे नाव म्हणजे आतल्या पडद्याची हमी नव्हे. मित्राच्या लॅपटॉपचा पडदा चांगला निघाला म्हणून तोच मॉडेल घेतलेल्या आपलाही चांगला निघेल, असे धरून चालता येत नाही.

याच्या उलट एक उदाहरण फोनचे आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये गूगलचा ‘पिक्सेल २ एक्सएल’ हा ओएलईडी पडद्याचा फोन आला आणि थोड्याच दिवसांत पडद्यावर डाग राहतात अशी ओरड झाली. त्याच महिन्यात कंपनीने हमीची मुदत वाढवून दोन वर्षे केली. म्हणजे बोलणारे पुष्कळ असले आणि वेळेवर बोलले, तर कंपनी ऐकते.

वेळेवर हा शब्द महत्त्वाचा. नवा लॅपटॉप पहिल्या दोन-तीन दिवसांतच तपासावा, आणि त्याला कोणी इंजिनियर लागत नाही. बुद्धिबळाच्या पटासारखे काळ्या-पांढऱ्या चौकटींचे चित्र पूर्ण पडद्यावर दहा मिनिटे ठेवा. मग लगेच पूर्ण पडदा मध्यम राखाडी रंगाचा करा. चौकटी दिसल्या तर घड्याळ लावून पाहा, किती वेळात विरतात. सावलीचा फोटो दुसऱ्या फोनने काढा. लॅपटॉपवरच स्क्रीनशॉट घेऊन काही उपयोग नाही, कारण सावली काचेत असते, संगणकाच्या चित्रात नसते. लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडला आणि त्यावर सावली आली नाही, तर ऐब पडद्याचाच, हे कोणालाही पटवता येते. ही परीक्षा ओएलईडीला लावून मात्र फारसे कळणार नाही. तिथला डाग महिन्यांनी उमटतो. तिथे हमीपत्रात ‘बर्न-इन’ धरले आहे की वगळले आहे, ते पैसे देण्याआधी वाचावे.

सेवा केंद्रात गेल्यावर जॉब शीटवर काय लिहिले जाते, यावर नजर ठेवा. ‘स्क्रीन चेक’ एवढेच लिहून घेतात. आपण सांगून ‘जुन्या चित्राची सावली राहते, इतकी मिनिटे’ असे लिहून घ्यावे आणि प्रत घेतल्याशिवाय उठू नये. तोंडी नॉर्मल म्हणणारा मनुष्य तेच कागदावर लिहायला बहुधा तयार होत नाही.

आता कायद्याचे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तक्रार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करता येते, आणि आपण जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्या आयोगाकडे करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. गरज पडल्यास आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. ‘नॉर्मल’चा निकाल सेवा केंद्राच्या हाती राहत नाही, तो इथे.

पण आपल्या लोकांची अडचण पुढेच आहे. व्यापारी कामासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार या कायद्याने ‘ग्राहक’ ठरत नाही. त्याला अपवाद आहे तो स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी स्वतः वस्तू वापरणाऱ्याचा. १९९५ साली लक्ष्मी इंजिनियरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रिक्षा आणि लेथ मशीनची उदाहरणे देऊन हे स्पष्ट केले. स्वतः रिक्षा चालवणारा, स्वतः लेथ चालवणारा ग्राहक आहे, आणि मदतीला एक-दोन माणसे असली तरी तो ग्राहकच राहतो. ग्राफ काढणारा, एकट्याने डिझाइन करणारा, जरदोजीचे खाके बनवणारा आपला कारागीर याच ओळीत बसतो, असे आमचे मत आहे. त्याने बिल स्वतःच्या नावाने घ्यावे आणि तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहावे की हे हत्यार मी स्वतः चालवतो आणि यावर माझे घर चालते.

मोठ्या पेढीचे गणित वेगळे. एक लाखाच्या लॅपटॉपवर अठरा हजार जीएसटी, आणि पेढीच्या नंबरावर बिल घेतले तर ते जमेस मिळतात. ते कोणी सोडू नयेत. नुसत्या जीएसटी नंबरावरून निकाल लागतो असे नाही, वापर कशासाठी हे पाहिले जाते. पण समोरच्या वकिलाच्या हाती पहिला कागद तोच लागतो, हे जाणून असावे. अशा खरेदीदाराला आधार १९३० च्या माल विक्री कायद्याचा. आपल्यापैकी ज्यांनी नमुन्याबरहुकूम माल न आल्याचे दावे लढवले आहेत त्यांना हा कायदा ठाऊक आहे. त्याच्या सोळाव्या कलमाप्रमाणे, आपण काम कोणते ते विक्रेत्याला सांगितले आणि त्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला, तर माल त्या कामाला लायक असला पाहिजे. मात्र ठरावीक नावाचा माल नाव घेऊनच मागितला, तर ही अट लागू होत नाही, असेही तिथेच म्हटले आहे. म्हणून दुकानात जाऊन ‘अमुक मॉडेल द्या’ म्हणू नये. ‘दिवसाला दहा तास हिशेब आणि कापडाचे रंग पाहण्याचे काम आहे, त्याला योग्य ते सुचवा’ असे म्हणावे, आणि तेच व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवावे. उत्तर आले की जपून ठेवावे. माल घेऊन वाजवी मुदतीत नापसंती कळवली नाही तर तो स्वीकारला असे याच कायद्याने धरले जाते, तेव्हा सावली दिसली त्याच दिवशी कळवावे.

राहता राहिली निगा. एलसीडीवर सावली आली तर पडदा काही तास बंद ठेवा किंवा पांढरे पान, हलते चित्र चालू ठेवा. ओएलईडी असेल तर उजेड कमी, खालची पट्टी आपोआप लपणारी, पार्श्वभूमी काळी आणि पाच मिनिटे हात लावला नाही की पडदा बंद, एवढ्या चार गोष्टी पहिल्या दिवशीच लावून टाकाव्यात. ओएलईडीवरचा जुना डाग घालवून देतो म्हणणारे प्रोग्राम विकत मिळतात. झिजलेला ठिपका पुन्हा ताजा होत नाही. फार तर शेजारचे ठिपके त्याच्या बरोबरीला आणून फरक झाकता येतो, तेव्हा त्यावर पैसे घालू नयेत.

आणि दुपारी नाश्त्याला उठताना टॅली उघडी ठेवून जाणाऱ्या मुनीमजींना हे कोणी तरी वाचून दाखवावे.