भाव मागायला माणूस जगला पाहिजे



शेतकऱ्याने जीव दिला की चौकशीला आलेला साहेब घरातली दारू, आजारपण, भांडण शोधतो. कापसाचा भाव शोधत नाही. म्हणून मनाच्या आजाराचा विषय निघाला की आपले कार्यकर्ते बिथरतात. त्यांचा राग रास्त आहे. पण दुखण्याचे मूळ भावात आहे, म्हणून दुखणे खोटे ठरत नाही.

कर्ज थकले की माणूस आधी पारावर येणे सोडतो. बँकेचा माणूस भेटेल म्हणून बाजार चुकवतो, आहेर परवडत नाही म्हणून लग्न टाळतो. झोप उडते, भूक मरते, आणि विचारणारे कोणी उरत नाही. बाईचे दुःख तर चुलीपुढेच राहते. एकाकीपणाशी निगडित मृत्यू जगात वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार, असे जागतिक आरोग्य संघटनेचा २०२५ चा अहवाल सांगतो.

ज्वारीची सोंगणी, मळणी सावडीने व्हायची. हुरड्याला शेजारी यायचा. ज्वारीचा पेरा घटला, मळणीयंत्र आले, कष्ट वाचले. ते चांगलेच झाले. पण सावडीबरोबर रोजची विचारपूसही गेली.

ती पुन्हा उभी करता येते. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प झाला. आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवून तयार केले. त्यांनी गावात बोलणे सुरू केले, खचलेल्यांना धीर दिला, गरज पडली तेव्हा डॉक्टरकडे पाठवले. २०१७ साली निष्कर्ष छापून आले. उदासीनतेच्या आजारात मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात शेकडा ४ वरून २७ वर गेले होते.

प्रत्येक गावशाखेने तीन कामे अंगावर घ्यावीत.

एक, जो पारावर, सभेला दिसेनासा झाला, त्याच्या घरी दोघांनी जावे. उपदेश करू नये, ऐकून घ्यावे. घरच्या बाईशी बोलायला बाईने जावे.

दोन, कीटकनाशक घरात उघडे ठेवू नये, कुलपात ठेवावे. रागाचा, निराशेचा एक क्षण टळला तर जीव वाचतो. फवारणीलाही एकट्याने जाऊ नये. २०१७ चे यवतमाळ विसरू नका.

तीन, जगणे नकोसे झाल्याचे कोणी बोलला तर त्याला एकटे सोडू नये. आशाताईला सांगावे, दवाखान्यात न्यावे. टेली-मानसचा १४४१६ हा फुकट नंबर शाखेच्या फलकावर लिहावा.

यामुळे सरकारची जबाबदारी सुटत नाही, आणि हा दानधर्मही नाही. भावाचा लढा लांबचा आहे. पुढच्या मोर्चात आपल्या गावचा एकही माणूस कमी असता कामा नये.