यंत्र आले, पाठ कोणी लिहायचा?

मराठी शाळांच्या पीछेहाटीवर अश्रू ढाळण्याचा कार्यक्रम ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांत बारमाही चालतो. २०१० मध्ये ठाण्याने आणि २०१७ मध्ये डोंबिवलीने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद भूषवले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा अभिनंदनाच्या ठरावांचा पाऊस पडला. हे सारे योग्यच झाले. मात्र भाषेचा प्रश्न ज्याच्या हाती प्रत्यक्ष सुटायचा आहे, तो उद्या सकाळी चौथीच्या वर्गावर जाणारा शिक्षक या सोहळ्यांत कोठेच नव्हता. तो वर्गात काय घेऊन जातो, त्याला ते कोण पुरवते, आणि पुरवणाऱ्याचा हेतू काय असतो, हे प्रश्न व्यासपीठावरून कोणी विचारले नाहीत.

साधने नाहीत, ही ओरड आता खरी राहिलेली नाही. केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी, शिक्षकदिनी खुले झाले. पाठ्यपुस्तकातील चौकोनी संकेतचिन्ह भ्रमणध्वनीने टिपले की त्या धड्याची चित्रफीत वा स्वाध्याय समोर येतो. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीची पुस्तके महाजालावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईला उभ्या राहिलेल्या मराठी विश्वकोशाचे वीसही खंड कोणालाही घरबसल्या वाचता येतात. एके काळी त्यांसाठी ग्रंथालय गाठावे लागे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तके, राज्य मराठी विकास संस्थेने जतन केलेले दुर्मीळ ग्रंथ, दर्शनिका विभागाने खुली केलेली गॅझेटिअर्स हे सारे एका कळीच्या अंतरावर आहे. ‘इस्रो’ने २००९ मध्ये सुरू केलेल्या ‘भुवन’वर उल्हास नदीचे पात्र आणि ठाण्याची खाडी उपग्रहाच्या डोळ्यांनी वर्गात पाहता येते. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी कशी करावीत, हे मराठीतूनही दाखवले आहे आणि त्यासाठी एक पैसाही मागितलेला नाही. मुंबईच्या आयआयटीचे संगणकाचे ध्वनिचित्रपाठही मराठीत उपलब्ध आहेत.

एवढी शिदोरी असताना वर्गात उपासमार का?

गुरुजी की कारकून?

याचे पहिले कारण असे की, संगणक शाळेत ज्ञानाचे साधन म्हणून येण्याआधी हजेरीपुस्तक म्हणून आला. ‘सरल’मध्ये विद्यार्थ्यांची माहिती भरा, ‘यू-डायस’मध्ये शाळेची भरा, ‘शालार्थ’मध्ये वेतनाची भरा, पोषण आहाराच्या ताटांची संख्या रोज कळवा. एका खिडकीत भरलेली माहिती दुसऱ्या खिडकीत पुन्हा भरा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकाला शिक्षणबाह्य कामास जुंपण्यास मनाई केली आहे. परंतु आकडे भरण्याच्या कामाला शिक्षणबाह्य म्हणायचे नाही, अशी सोयीची समजूत प्रशासनाने करून घेतलेली दिसते. ज्या गुरुजींचा दिवस रकाने भरण्यात सरतो, त्यांनी रात्री विश्वकोश उघडावा ही अपेक्षा क्रूर आहे.

दुसरे कारण प्रशिक्षणाच्या विटंबनेत आहे. ‘निष्ठा’सारख्या योजनेमागील हेतू उत्तम होता. खाली मात्र ती प्रमाणपत्रांच्या गणतीत अडकली. चित्रफीत एकीकडे चालू, शिक्षक दुसरीकडे कामात आणि शेवटी प्रमाणपत्र हातात, असा प्रकार सर्वांना ठाऊक आहे. त्याबद्दल बोलत कोणी नाही. किती शिक्षकांनी प्रशिक्षण ‘पूर्ण’ केले, हे वरिष्ठांना ताबडतोब सांगता येते. त्यातले वर्गात काय उतरले, हे विचारण्याची कोणाला गरज वाटत नाही.

ही पोकळी बाजाराने हेरली. २०२० मध्ये महामारीने शाळांना कुलपे लावली, तेव्हा राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने घरी बसलेल्या मुलांसाठी अभ्यासमाला चालवली आणि सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका मराठीतून घरोघर पोहोचली. हे काम मोलाचे होते. पण मध्यमवर्गीय पालकाला भुरळ पडली ती चकचकीत जाहिराती करणाऱ्या खासगी कंपन्यांची. त्यांतील सर्वांत बलाढ्य गणली गेलेली ‘बायजूज’ २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ज्ञानाला विक्रीचा माल मानले की दुकान बंद पडताच विद्याही बंद पडते, हा धडा त्यातून घ्यायला हवा. विश्वकोशाचे दुकान नाही, म्हणून त्याला दिवाळेही नाही.

आपल्या गावाची ओळख कोणाकडून?

परंतु कारकुनी आणि बाजार यांहून गंभीर प्रश्न स्वत्वाचा आहे. कल्याणमधील एखाद्या शिक्षकाने आपल्या गावाविषयी विस्ताराने काही शोधायचे ठरवले, तर त्याच्या हाती प्रथम काय लागते? जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेले १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटिअर. त्याची मेहनत निःसंशय थोर आहे. पण ते राज्यकर्त्याने आपल्या कारभाराच्या सोयीसाठी केलेले वर्णन आहे. त्याच १८८२ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील सोपाऱ्याचा स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खननाने उजेडात आणला. हे नाव किती शिक्षकांना ठाऊक असेल? मेकॉलेने १८३५ मध्ये आपले टिपण लिहिले, त्याला दोन शतके होत आली. त्याने आखलेल्या चाकोरीचा विजय इंग्रजी शाळांच्या संख्येत मोजण्याचे कारण नाही. मराठी शाळेतल्या मराठी शिक्षकालाही आपल्या गावाची ओळख इंग्रजांच्या दप्तरातून करून घ्यावी लागते, यात तो अधिक स्पष्ट दिसतो.

वास्तविक या भूमीतील सामग्री अपार आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. ग्रीक खलाशांच्या ‘पेरिप्लस’मध्ये कल्याण बंदराचा उल्लेख आहे. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाणारा रस्ता ज्याच्या पायथ्यावरून जातो, त्या नाणेघाटात सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे. मराठीच्या अभिजाततेची मागणी करणाऱ्या अहवालाने याच लेखातील ‘महारठिनो’ या शब्दाचा आधार घेतला होता. अंबरनाथच्या शिवमंदिरात इ. स. १०६० चा शिलालेख आहे. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि याच खाडीच्या काठी शिवछत्रपतींच्या आरमाराचा पाया घातला गेला. १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाण्याचा किल्ला घेतला. पुढे त्याच किल्ल्याच्या तुरुंगात १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे हे तीन तरुण क्रांतिकारक फासावर गेले. ठाण्याची मुले त्या तटाशेजारून रोज शाळेत जातात. त्या तटाच्या आत काय घडले, याचा दहा मिनिटांचा नीट रचलेला, नकाशा व चित्रांसह पाठ त्यांच्या शिक्षकाला सहज मिळत नसेल, तर दोष कोणाचा?

तो दोष केवळ सरकारचा नाही. बालभारतीने इयत्ता तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्हावार काढले, कारण मुलाने जग जाणण्याआधी आपला परिसर जाणावा ही दृष्टी त्यामागे होती. त्या बीजाला पाणी घालण्याचे काम समाजाचे होते.

खोटा गौरवही घातकच

पोकळी कधी रिकामी राहत नाही. ती भरण्यासाठी भ्रमणध्वनीवर फिरणारे संदेश तत्पर असतात. भारताचे राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम असल्याचे ‘युनेस्को’ने जाहीर केले, ही भाकडकथा वर्षानुवर्षे फिरत राहिली, ‘युनेस्को’ने असे काही जाहीर केलेले नव्हते. अशा कंड्या पुढे ढकलणारे बहुतेक लोक देशप्रेमीच असतात. पण त्याने देशाचे भले होत नाही. चौथीत शिकवलेली खोटी बढाई मुलाला दहावीत खोटी असल्याचे कळते. मग तो खऱ्या नाणेघाटावरही विश्वास ठेवत नाही. राष्ट्रीय विचाराच्या माणसाने या बाबतीत इतरांहून अधिक काटेकोर असले पाहिजे, कारण ज्याच्याकडे अस्सल सोने आहे त्याला मुलाम्याची गरज नसते.

इकडे पुरोगामी म्हणवणाऱ्या मंडळींची गंमत निराळी. स्थानिक इतिहासाचा, मंदिराचा वा शिलालेखाचा पाठ तयार झाला की त्यांना लगेच शिक्षणाच्या भगवीकरणाची स्वप्ने पडू लागतात. अंबरनाथचे मंदिर हे अकराव्या शतकातील स्थापत्य आहे, हे सांगण्यात कोणते भगवीकरण आले? ठाण्याच्या खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, हे सांगणे जसे विज्ञान, तसे त्या मंदिराचा दगड, शिल्प आणि लेख वाचायला शिकवणे हाही अभ्यासच. ज्यांना फ्रान्सच्या राज्यक्रांतीचा पाठ निरपेक्ष वाटतो आणि कल्याणच्या दुर्गाडीचा पाठ मात्र प्रचारकी, त्यांनी आपल्या चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा.

आणखी एक आक्षेप घरातलाच आहे. हे सारे पडदे परकीय, त्यांनी मुले बिघडतात, आपली गुरुपरंपरा थोर, असे काही ज्येष्ठ म्हणतात. मुलांच्या हाती भ्रमणध्वनी देण्याविषयीची त्यांची चिंता रास्त आहे. पण येथे प्रश्न गुरूच्या हातातील साधनाचा आहे. छापखानाही परकीयच होता. लोकमान्यांनी त्याचे काय केले, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

पाड्याने केले, शहराने का करू नये?

हे घडू शकते याचा पुरावा ठाणे जिल्ह्यातच आहे. शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा या छोट्या वस्तीवरील जिल्हा परिषदेच्या शाळेत संदीप गुंड या शिक्षकाने मुलांच्या हाती टॅबलेट दिले, आणि ती शाळा डिजिटल शाळा म्हणून महाराष्ट्रात गाजली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना संकेतचिन्हांची जोड दिली. पुढे तीच कल्पना राज्याच्या पुस्तकांत आली. डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यातील निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ स्पर्धकांत वाटण्याचे जाहीर केले. ज्ञान वाटल्याने वाढते, हे सुभाषित त्यांनी आचरणात आणले. हे दोघेही शिक्षक जिल्हा परिषदेचे; दोन्ही शाळा आडगावच्या. डोंबिवलीच्या पांढरपेशा वस्तीला याची थोडी लाज वाटली तर बरे.

डोंबिवली ही संघविचाराची आणि संस्थांची नगरी म्हणून ओळखली जाते. १९९९ मध्ये तेथील गणेश मंदिर संस्थानाने वर्षप्रतिपदेची स्वागतयात्रा सुरू केली आणि ती प्रथा महाराष्ट्रभर पसरली. त्या यात्रेत मराठीच्या अभिमानाचे फलक असतात. फलक धरणाऱ्या हातांनी आपल्या मुलांचे प्रवेशअर्ज कोणत्या माध्यमासाठी भरले, हे मात्र कोणी कोणाला विचारत नाही. मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही धरला आहे. पण मराठी शाळा इंग्रजी शाळेहून सरस शिकवते, हे वर्गात दिसल्याखेरीज कोणताही पालक धोरण वाचून मुलाला तेथे घालणार नाही. त्याला तसे दोषही देता येणार नाही.

म्हणून कार्याची दिशा सरळ आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. या संस्थांचा संग्रह, शहरांतील निवृत्त प्राध्यापक व अभियंते आणि शाळांतील उत्साही शिक्षक यांनी एकत्र बसावे. प्रत्येक शाळेने वर्षाकाठी एकच पाठ सिद्ध करावा: आपल्या परिसरातील एक वास्तू, एक व्यक्ती, एक ओढा, एक लेख. प्रत्येक विधान जाणकाराकडून तपासून घ्यावे. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. जुन्या टंकांत अडकलेला मजकूर शोधयंत्राला दिसत नाही, आणि शिक्षकांचे कितीतरी कष्ट अशा रीतीने अदृश्य होऊन पडले आहेत. पाठ एखाद्या गटात फिरवून संपवू नये. तो ‘दीक्षा’कडे पाठवावा, मराठी विकिपीडियावर त्याची भर घालावी, म्हणजे शहापूरच्या पाड्यावरील शिक्षकालाही तो मिळेल. आणि हे करणाऱ्या शिक्षकाच्या डोक्यावरील आकडे भरण्याचे ओझे उतरावे, यासाठी लोकप्रतिनिधींकडे संघटितपणे धरणे धरावे. कलम २७ त्यासाठी पुरेसे आहे.

स्वागतयात्रेतील एका चित्ररथासाठी जितक्या रात्री जागवल्या जातात, तितक्या एका पाठाला पुरेत. चित्ररथ दुपारपर्यंत विस्कटतो. पाठ मात्र पुढल्या वर्षीच्या चौथीलाही उपयोगी पडतो, त्यापुढच्याही. अभिजात दर्जाचा कागद दिल्लीहून आला आहे. नाणेघाटाचा दगड दोन हजार वर्षांपासून जागेवर आहे. या दोहोंच्या मध्ये उभ्या असलेल्या शिक्षकाच्या हाती काय द्यायचे, हे आता ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या समाजाने ठरवायचे आहे. त्याने दिले नाही तर दुसरे कोणीतरी देईल, आणि ते मराठी असेलच असे नाही.