वारसा कुणाचा? कंपनीच्या गंजाचा की गावाच्या पाटाचा?



खाणवाले गावात आले की दोन गोष्टी बोलतात. इथं काही नाही, नुसता दगड आणि झाडोरा. आणि इथं कुणी नाही, आहेत ते अतिक्रमणवाले. हे बोलणं फक्त आपल्याच डोंगरात चालतं असं समजू नका. दक्षिण अमेरिकेत चिली देशाच्या उत्तरेला अटाकामा वाळवंट आहे. तिथला इतिहास बघा, तुम्हाला आपलाच वाटेल.

जगातल्या सगळ्यात कोरड्या जागांपैकी ती एक. तरी तिथं माणसं आहेत. लिकानांताय हे तिथले आदिवासी. डोंगरातलं पाणी पाटानं आणून मका, बटाटा पिकवतात, लामा पाळतात. तांबं काढणंही त्या मुलखात कंपनीच्या कितीतरी आधीचं. 1899 साली चुकिकमाता इथल्या खाणीत एका माणसाचा सुकलेला देह सापडला. खणताना दरड कोसळून गाडला गेलेला, सोबत त्याची हत्यारं नि टोपल्या. इसवी सन 550 च्या सुमाराचा! 1915 पासून तिथंच अमेरिकन भांडवलदारांनी मोठी खाण चालवली. आणि तो जुना खाणकरी? तो न्यूयॉर्कच्या संग्रहालयात नेला. तांबंही गेलं, पूर्वजही गेला.

त्याच वाळवंटात सोऱ्यासारखा क्षार निघायचा, खताला आणि दारूगोळ्याला लागणारा. त्यासाठी 1879 मध्ये चिलीनं पेरू आणि बोलिव्हियाशी लढाई केली, मुलूख घेतला. मजुरांना पैसे नाय, कंपनीचे बिल्ले मिळायचे. ते चालायचे फक्त कंपनीच्याच दुकानात. 1907 साली तिन्ही देशांचे मजूर एकत्र संपावर गेले. 21 डिसेंबरला इकिके शहरात शाळेत जमलेल्या त्या मजुरांवर लष्करानं गोळ्या घातल्या. शेकडो मेले. पुढं कारखान्यात खत बनायला लागलं, तसा धंदा बसला. हंबरस्टोन नावाची वसाहत 1960 ला ओस पडली. रोजगार देणार म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

2005 साली युनेस्कोनं त्याच हंबरस्टोनला जागतिक वारसा ठरवलं. आमचा त्याला विरोध नाही. मजुरांचं रक्त सांडलंय, ते जपलंच पायजे. पण गंजलेले पत्रे वारसा, तर जिता पाट कोण? सोकायरे गावात दरवर्षी सगळा गाव मिळून पाट साफ करतो, पाण्याची पूजा करतो, कुन्झा भाषेत गाणं म्हणतो. ती भाषा रोजच्या बोलण्यातून गेली, पण पाटावर टिकली.

सरकारनं मात्र 1981 च्या कायद्यानं पाणी जमिनीपासून तोडलं आणि विकायला मोकळं केलं. नोंद ज्याची, पाणी त्याचं. तांब्याच्या खाणींना पाणी पायजे होतं, त्यांनी नोंदी केल्या. गावं मागं पडली. तरी टोकोन्से नावाचं छोटं गाव पाणीपुरवठा कंपनीशी सुप्रीम कोर्टापर्यंत भांडलं. 2004 साली कोर्टानं मानलं, की कागद नसला तरी पिढ्यानपिढ्याचा वापर हाच हक्क.

आपल्या वनहक्क कायद्याच्या नियमांतही तेच आहे. जुन्या विहिरी, घरांची जोती, मसणवट, देवाची जागा हे पुरावे आहेत. म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाबसुद्धा पुरावा आहे. कुणी अधिकारी फक्त दंडाची पावती मागत असेल तर त्याला नियम दाखवा.

म्हणून आमचं म्हणणं असं. येत्या ग्रामसभेआधी प्रत्येक पाड्यानं एक रात्र आजा-आजीजवळ बसावं. कुठला ओहळ कुणी बांधला, कुठल्या देवाला कधीपासून कोंबडं देतो, कुठली गाणी कुठल्या कामाला म्हणतो, नावानिशी लिहून काढावं. शिकलेल्या पोरापोरींनी वही धरावी. आपला इतिहास आपण नाही लिहिला, तर खाणवाला लिहिणार. आणि त्यात आपण नसणार.

जोहार! जिंदाबाद!