फुकट शिक्षणाची किंमत वर्षांत मोजा

तुर्भ्याच्या वस्तीत डोळे तपासणी शिबिर संपलं आणि बारावीतली एक मुलगी मोबाईल घेऊन माझ्याजवळ आली. "ताई, ऑप्टोमेट्रीची सगळी फी मिलिटरी भरते म्हणे. फॉर्म भरू का?"

मी वाचलं. योजना खरी, पण अमेरिकेची. तिथलं सैन्य ऑप्टोमेट्री कॉलेजची फी भरतं, दरमहा खर्चाला पैसे देतं आणि बदल्यात काही वर्षं गणवेशातली नोकरी घेतं. बारावीनंतर मुलीची फी भरून तिला ऑप्टोमेट्रिस्ट अधिकारी करणारी योजना आपल्या सैन्यात नाही. जवळची वाट आहे ती मिलिटरी नर्सिंगची. पुण्याचं एएफएमसी, कुलाब्याचं आयएनएचएस अश्विनी अशा ठिकाणी मुलींना बीएस्सी नर्सिंग मोफत शिकवतात. प्रवेश नीटच्या गुणांवरून. राहणं-जेवण सरकारचं, पुढे लेफ्टनंटचा हुद्दा. मात्र आधी सेवेचा बाँड लिहून द्यावा लागतो.

हे ऐकून तिची आई म्हणाली, "मग नर्सिंगलाच टाकू. फी तरी वाचेल."

इथेच माझं मत वेगळं आहे. नर्सिंगची आवड असेल, बदल्या आणि शिस्त झेपत असेल, तर जरूर जावं. सुभेदार रामजींचा वारसा सांगणाऱ्या समाजाला गणवेश परका नाही. पण केवळ फी वाचते म्हणून डोळ्यांचं काम शिकू पाहणाऱ्या मुलीला दुसरीकडे ढकलू नका. फुकट शिक्षणाची किंमत रुपयांत नसते, वर्षांत असते.

डिप्लोमा झाल्यावर मी एका खासगी रुग्णालयात बाँड न वाचताच सही केली होती. माझी मूळ प्रमाणपत्रं दोन वर्षं त्यांच्या कपाटात अडकली. चांगली नोकरी चालून आली आणि हातची गेली.

बाबासाहेबांनीही १९१३ मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती घेताना दहा वर्षं संस्थानची सेवा करण्याचा करार केला होता. १९१७ मध्ये ते शब्द पाळायला बडोद्याला गेले, तर राहायला खोली मिळेना, कचेरीत विटाळ. करार कागदावर असतो, वागणूक त्यात लिहिलेली नसते. मिलिटरी नर्सिंगमधल्या सेलिना जॉन यांना लग्न केलं म्हणून १९८८ मध्ये सेवेतून काढलं. सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरवून ६० लाख रुपये द्यायला सांगितले, ते २०२४ मध्ये. न्याय मिळाला, पण छत्तीस वर्षांनी.

म्हणून आधी बिनबाँडचा हक्क वापरा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ मध्ये, ती सुरू झाली. उत्पन्न मर्यादा अडीच लाख आहे. त्यावर उत्पन्न असेल तर फ्रीशिपची चौकशी करा. मात्र प्रत्येक खासगी कॉलेजला हे लागू होतंच असं नाही. प्रवेशाचे पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: कोर्स महाडीबीटीवर आहे का, कोणत्या कोट्यातून प्रवेश मिळतोय, आणि चार वर्षांत हातचं किती भरावं लागेल. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला बारावीतच काढून ठेवा.

आणि बाँडवाली वाट धरलीच, तर चार प्रश्न विचारा. सेवा किती वर्षं? मध्येच सोडलं तर दंड किती? लग्न-बाळंतपणाचे नियम काय? मूळ कागद कोणाकडे राहणार? उत्तरं मुलीसमोर वाचा. सही तिची आहे, आयुष्यही तिचंच.

आपल्या वस्तीत चाळिशी ओलांडलेल्या कितीतरी बायांना सुईत दोरा ओवता येत नाही. फळा दिसत नाही म्हणून मुलं 'ढ' ठरतात. चष्म्याचा नंबर नीट काढणारी आपलीच एक मुलगी इथे बसली, तर हे चित्र बदलेल. तिची फी उभी करणं एकट्या आईबापाचं काम नाही. विहारात त्यासाठी पेटी ठेवायला काय हरकत आहे?

जयभीम.