सहासष्ट कुळं, आणि बायका?

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात वारले. आज त्यांच्या तसबिरीला हार घातला जातो, एखादं व्याख्यान होतं, मराठी अस्मितेला धार लावून मंडळी घरी जातात. मला राजवाड्यांशी भांडायचं आहे. माझं काम पवईतल्या वस्त्यांमधलं. 'ही वस्ती कोणी वसवली?' हा प्रश्न त्यांनी ज्या रीतीनं सोडवला, त्याच रीतीनं तो आजही आमच्या बायकांवर उलटतो, म्हणून हे भांडण.

आधी माणूस बघा. 1863 साली वरसईला जन्म, डेक्कन कॉलेजातून बी. ए., थोडी शिक्षकी, मग 'भाषांतर' नावाचं मासिक. 1898 मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला, पानिपतच्या काळातल्या पत्रांचा. पुढे असे बावीस खंड. वाड्यांच्या माळ्यांवर, देवळांत, जुन्या दप्तरखान्यांत वाळवी लागलेले कागद शोधत हा माणूस गावोगाव पायपीट करत होता. 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, पुढे तिथेही पटेना म्हणून धुळं गाठलं. लिहायचं ते मराठीतच, हा हट्ट. सरकारी मानमरातबाची हाव नाही.

बायको ऐन तरुणपणी गेली. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही, स्वतःचं अन्न स्वतः शिजवलं. विधुराचं दुसरं लग्न पहिलीचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत उरकणाऱ्या समाजात हे थोडं नव्हे. पण मैत्रिणींनो, संसार नसलेला पुरुष बोचकं घेऊन रानोमाळ फिरला की तपस्वी ठरतो. त्याच काळात पंडिता रमाबाई विधवा होऊन देशोदेशी फिरल्या, त्यांना काय काय ऐकून घ्यावं लागलं ते आपल्याला ठाऊक आहे.

आता मुद्द्यावर येते. राजवाडे आपल्याला बखरी आणि लढायांचे इतिहासकार म्हणून शिकवले गेले. पण त्यांचा खरा ध्यास वसाहतीचा होता. उत्तरेकडून माणसं दंडकारण्यात कशी उतरली, रान कसं तोडलं, गावं कशी पडली. 'महाराष्ट्राचा वसाहतकाल' हा त्यांचा निबंध याच विषयावरचा. गावांची आणि माणसांची नावं ते खणून काढत, झाडावरून पडलेलं नाव, पाण्यावरून पडलेलं नाव. जिथे शिलालेख नाही तिथे गावाचं नावच शिलालेख. ही दृष्टी मोठीच.

1924 मध्ये त्यांनी 'महिकावतीची बखर' संपादून छापली. उत्तर कोकणची, म्हणजे ठाणे-साष्टी-माहीम या आपल्याच मुलखाची ही बखर. आपली पवई साष्टीतलीच. बिंब राजा आला, त्याच्याबरोबर सहासष्ट कुळं आली, अमुक सोमवंशी, तमुक सूर्यवंशी. वंश मोजले, गावं मोजली, वतनं मोजली.

पण कुळ म्हणजे काय हो? एकट्या बाप्याचं कुळ होतं? त्या सहासष्ट कुळांत दाणा कोणी निवडला, खारं पाणी सोडून गोडं पाणी कोणी हुडकलं, रानातल्या कुठल्या पाल्यानं पोट दुखतं आणि कुठल्यानं भरतं हे कोणी शिकून घेतलं? आणि कोणाकडून? इथे आधीपासून राहणाऱ्या कोळणी-वारलिणींकडूनच ना? हे प्रश्न त्या मोजणीत नाहीत.

'राजवाड्यांच्या काळात असं कोणी विचारत नव्हतं,' असं तुम्ही म्हणाल. मला हे पटत नाही. 'भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास' याच माणसानं लिहिला. लग्न ही देवानं घालून दिलेली चाकोरी नाही, ती माणसांनी बनवली आणि ती बदलत आली, हे त्यांनी सनातन्यांचा रोष पत्करून सांगितलं. म्हणजे हत्यार हातात होतं! महाराष्ट्रिक आणि नाग यांच्या मिश्रणातून मराठे झाले असं ते मांडतात. या मिश्रणात बाई येते ती रक्ताच्या हिशेबात. उच्च कोण, हीन कोण, हे ठरवायला. नांगरामागे, पाणवठ्यावर, चुलीपुढे राबणारी वसाहतकार म्हणून ती येत नाही. जातीचा अहंकार हा त्यांचा आंधळा डोळा होता. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी 1918 मध्येच 'कोदंडाचा टणत्कार' लिहून तो दाखवला. बाईच्या बाबतीत असा टणत्कार तेव्हा कोणी केला नाही.

पुढे दा. ध. कोसंबी पुण्याभोवतीचे डोंगर तुडवत फिरले आणि शेंदूर फासलेल्या, नवरा नसलेल्या देवी त्यांनी पुरावा म्हणून वाचल्या. शेतीच्या आधीच्या आयांची खूण त्यांना तिथे दिसली. म्हणजे शोधणाऱ्याला सापडतं.

हे सगळं आज कशाला उकरायचं? कारण पवईची वसाहत अजून चालूच आहे. 1891 च्या सुमारास तलाव झाला, 1958 मध्ये आय. आय. टी. आली, दगडाच्या खाणी चालल्या. 1986 च्या त्रिपक्षीय करारानं सुमारे 230 एकर जमीन नाममात्र दरानं दिली गेली, लहान घरं बांधायच्या अटीवर. तिथे काय उभं राहिलं ते मान वर करून बघा. या प्रत्येक टप्प्यात खडी फोडणारी, पाटी वाहणारी, मग त्याच इमारतींत भांडी घासणारी बाई आहे. 6 जून 2024 रोजी पावसाच्या तोंडावर जयभीमनगर पाडलं गेलं. त्या कारवाईच्या चौकशीसाठी उच्च न्यायालयाला विशेष तपास पथक नेमायला सांगावं लागलं. उघड्यावर तीन दगडांची चूल मांडून वस्ती पुन्हा सुरू कोणी केली, हे सांगायला नकोच.

पुनर्वसनाची वेळ येते तेव्हा 'परिशिष्ट दोन' नावाची यादी लागते. ही आजची कुळांची यादी. 1 जानेवारी 2000 च्या आधीपासून इथे राहता याचा पुरावा आणा! विजेचं बिल नवऱ्याच्या नावावर, रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख तो, मतदारयादीत बाईचं नाव माहेरचं की सासरचं याचा घोळ. नवऱ्यानं टाकलेली बाई वीस वर्षं त्याच खोलीत राहिली तरी कागदावर ती कुठेच नाही, आणि दुसरीबरोबर निघून गेलेला तो मात्र पात्र! नवं घर पती-पत्नी दोघांच्या नावानं द्यायचं, असं नियम म्हणतो. पण आधी यादीत कोणाचं नाव, यावरच सगळं अडतं.

इथे मला राजवाडे हवे आहेत. ज्या माणसानं वाण्याच्या हिशेबाचा चिटोराही इतिहासाचं साधन मानला, त्याची शिस्त बायकांच्या कागदांना लावा. बाळंतपणाचं कार्ड, पोराच्या लसीचं कार्ड, शाळेच्या दाखल्यावरचं आईचं नाव, बचतगटाची वही, भिशीची वही, दवाखान्याचा केसपेपर. हे वस्तीचे अव्वल दर्जाचे पुरावे आहेत. पात्रता ठरवणाऱ्यांनी ते मानलेच पाहिजेत, आणि टाकलेल्या बाईचा अर्ज नवऱ्याच्या सहीशिवाय घेतला गेलाच पाहिजे.

तोवर आपण आपली दप्तरं सांभाळू. पत्र्याच्या पेटीत, तारखेप्रमाणे लावून ठेवा. आणि बायांनो, कार्डांना प्लॅस्टिकचं लॅमिनेशन करू नका. त्यात शिक्का पुसट होऊ शकतो, आणि कचेरीत पहिल्यांदा तोच बघतात.